अबोल्याच्या दाराबाहेर उभी असलेली मुलगी

*नमस्कार ताई,*

*मी ३७ वर्षांची. लहानपणी आईने मला कधी मारलं नाही. रागावली की ती बोलणं बंद करायची. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. वेणी घालायची, ताट वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. तिचाही नाइलाज होता. बाबा सतत बाहेरगावी, घरात अंथरुणाला खिळलेली सासू, पैशाची ओढाताण, मन मोकळं करायला कुणी नाही. आज कुणाचं मेसेजला उत्तर उशिरा आलं तरी माझ्या पोटात गोळा येतो आणि काही चुकलं नसताना मी माफी मागून टाकते. गेल्या महिन्यात सहा वर्षांच्या लेकीवर चिडून मी संध्याकाळभर गप्प राहिले. झोपताना ती म्हणाली, ‘आई, मी तुला दिसत नाहीये का?’ मी हादरले. आतल्या लहान मुलाला जवळ घेण्याबद्दल वाचलं होतं, म्हणून लहानपणीच्या मला पत्र लिहायला बसले. दोन ओळींत पेन ठेवलं. माया वाटायच्या ऐवजी तिची किळस वाटली. रडकी, सारखी मागे मागे करणारी! माझ्यातच काही कमी आहे का? आईला जाब विचारल्याशिवाय हे बरं होणारच नाही का? आता ती खूप मऊ झाली आहे, तरी तिचा फोन आला की मी आधी तिचा आवाज तपासते.*

प्रिय मैत्रीण,

तुमच्यात काही कमी नाही. हे आधी सांगते, कारण हा प्रश्न तुम्ही बहुधा तीस वर्षं स्वतःला विचारत आला आहात.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईच्या बाजूने तुम्ही एका दमात चार कारणं लिहिलीत आणि चारही खरी असणार. त्या मुलीच्या बाजूने मात्र एकही वाक्य नाही. तिच्या वाट्याला दोन विशेषणं आली, रडकी आणि मागे मागे करणारी. हे शब्द कुणाचे असतील? कुठलंही लहान मूल स्वतःला रडकं म्हणत नाही. ते त्याला कुणीतरी म्हणतं, किंवा न बोलता तसं वाटायला लावतं.

एरिक बर्न नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या : पालक, प्रौढ आणि बालक. आपल्या आईवडिलांचा सूर, त्यांच्या भुवया, त्यांची नाराजी आपण जशीच्या तशी आत साठवतो, ती पालक अवस्था. त्या संध्याकाळी तुम्ही पत्र लिहायला बसलात, पण पेन त्या आतल्या पालकाच्या हातात होतं. म्हणून ते दोन ओळींत थांबलं, आणि थांबलं ते बरंच झालं. त्या मुलीला आणखी एक नाराज बाई नको होती.

आता अबोल्याबद्दल. मारलं तर वळ उठतो, ओरडलं तर शेजारी ऐकतात. अबोल्याचा मागमूसही राहत नाही, त्यामुळे मोठेपणी माणूस स्वतःलाच विचारत राहतो, ‘असं काय मोठं झालं होतं मला?’ एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत बसते. बाळाला ते लगेच कळतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायला जे जे येतं ते सगळं करून बघतं. काहीच लागू पडलं नाही की ते मान वळवतं आणि मलूल होतं. हे सगळं अवघ्या काही मिनिटांत. तुमच्या वाट्याला आठवडा यायचा.

तुम्हाला किळस वाटते ते ‘मागे मागे करणं’ म्हणजे त्या बाळाचा पुढे केलेला हात आहे. तुटलेला धागा जोडायचं दुसरं कुठलंच साधन त्या वयाच्या मुलीकडे नव्हतं. ‘आई दमली आहे, तिचं दुःख वेगळं आहे’ हे तिला उमगणं शक्य नव्हतं. तिला उमगलं ते एवढंच : मी वाईट आहे. पुढे तो हात कुणी धरलाच नाही, तेव्हा तो पुढे करण्याचीच लाज वाटू लागली. तुम्ही शहाण्या, समजूतदार, कुणाला त्रास न देणाऱ्या झालात, आणि हात पुढे करणारी ती मुलगी मागे ठेवून आलात. किळस येते ती यामुळे. तिच्यासारखं पुन्हा कधी व्हायचं नाही, या निश्चयावरच तुम्ही तरलात.

म्हणून मायेचं नाटक करू नका. ‘माझ्या लाडक्या’ असं लिहून हात अडखळत असेल तर ते लिहू नका. त्या वयाचा एखादा फोटो असेल तर तो समोर ठेवा आणि नुसता बघा. फोटो नसेल तर तुमची लेक झोपलेली असताना तिचे तळवे बघा. सहा वर्षं म्हणजे किती लहान, हे आपण विसरलेलो असतो. मग एखादा प्रसंग आठवा, सगळ्यात दुखरा मुळीच नको, मध्यम दुखणारा. त्यात आजच्या तुम्ही आत या, ३७ वर्षांच्या, आणि तिच्याशेजारी बसा. तिला घट्ट जवळ घ्यायची घाई नको. अबोल्यात अडकलेल्या मुलाला सगळ्यात आधी हवं असतं ते कुणीतरी बोलायला. तेवढं करा. ‘आई बोलत नाहीये. तू भयंकर काही केलेलं नाहीस. मी बोलते आहे ना तुझ्याशी.’ हे मोठ्याने म्हणा किंवा लिहा. तिने उत्तर दिलं नाही तरी चालेल. आज तुमच्या मनात फक्त कंटाळा आला आणि किळस आली नाही, तरी मी त्याला पुढचं पाऊल म्हणेन.

घड्याळ लावून बसा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या दुखऱ्या घटना आणि त्यांबद्दलच्या भावना यांवर सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन जास्त जड झालं होतं, आणि तरी पुढच्या काही महिन्यांत साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत आजारपणासाठी त्यांचे दवाखान्याचे फेरे कमी राहिले. तेव्हा पहिल्या दिवशी रडू आलं तर काही बिघडलं असं समजू नका, आणि पंधरा मिनिटांच्या पुढेही जाऊ नका. नंतर तोंडावर पाणी मारा, चालून या, हातांनी काहीतरी काम करा. पण अंग बधिर पडत असेल, मधला वेळच आठवत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल किंवा अबोल्याच्या आड आणखी काही भयंकर दडलेलं जाणवत असेल, तर हे एकटीने करायचं काम नाही. जुन्या प्रसंगात उपचारतज्ज्ञाचा हात धरून परत जाण्याची रीतसर पद्धत आहे. त्यांच्याकडे जा, आणि ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ असं स्वतःला विचारू नका.

आईला जाब विचारलाच पाहिजे असं मला वाटत नाही. हे काम तुमच्यात आणि त्या मुलीत आहे, आईच्या परवानगीशिवाय होऊ शकतं. पण तुमच्या मनात एक गाठ आहे, ती मात्र सोडवा. आईची कारणं खरी होती म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसू शकतात. कधी तिच्याशी बोलावंसं वाटलंच, तर माफीची अपेक्षा घरी ठेवून जा. ‘तू बोलायची नाहीस तेव्हा मला फार भीती वाटायची’, एवढंच सांगा. ती म्हणेल, ‘मला नाही बाई आठवत.’ ते ऐकूनही तुम्ही उभ्या राहू शकाल असं वाटेल तेव्हाच हा विषय काढा.

आणि तुमची लेक. तिने तुम्हाला तो प्रश्न विचारला, याचं मला किती बरं वाटलं! तुमच्या घरात तसं विचारता येतं. तुम्ही आईला कधी विचारू शकला होतात का? ट्रॉनिक यांचंच सांगणं आहे की चांगल्या जुळलेल्या आई-बाळाचेही सूर बराच वेळ चुकतात, महत्त्वाचं असतं ते पुन्हा जुळवून घेणं. महिना झाला असला तरी उशीर झालेला नाही. आज रात्री तिच्याजवळ बसून म्हणा, ‘त्या दिवशी मी चिडले आणि बोलणंच बंद केलं. तू मला दिसत होतीस. चूक माझी होती.’ पुढे स्पष्टीकरण देऊ नका, स्वतःला दोष देत रडू नका, नाहीतर तुम्हाला सावरायचं काम तिच्यावर पडेल. राग तर पुढेही येणारच. तेव्हा तिला वेळ सांगा : ‘मला राग आलाय, मी दहा मिनिटं गप्प बसणार आहे, मग आपण बोलू.’ आणि दहा मिनिटांनी खरंच बोला. गप्प बसणं आणि अबोला यांत फरक आहे तो एवढाच, की गप्प बसण्याला शेवट असतो आणि तो मुलाला आधी सांगितलेला असतो.

राहता राहिला आईचा फोन. तो वाजला की लगेच उचलू नका. दोन रिंग जाऊ द्या. आवाज तपासायला कोण धावत येते, हे आता तुम्हाला माहीत आहे. तिला म्हणा, ‘तू बस. मी बोलते.’ आणि मग उचला.

तुमची,
ताई