अँबॅसडरला ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइल? डबा उघडू नका, परत करा

आर्वीकडच्या भाऊंनी लिहिलंय की आजोबांची १९७३ ची मार्क-२ अँबॅसडर बऱ्याच वर्षांनी चालू केली. तालुक्याच्या दुकानदारानं ‘फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०, एकदम नवीन एपीआय एसपी’ (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, एसपी हा तिचा दर्जा) म्हणून इंजिन ऑइलचा महागडा डबा हातात ठेवला आणि आता टाकू की नको, हा प्रश्न आहे. नका टाकू. बिल असेल तर परत करा, नाहीतर नव्या गाडीवाल्या मेव्हण्याला द्या.

मी मिस्त्री नाही, पुसदकडचा शेतकरी आहे. तुमचं इंजिन उघडून बघणारा जाणता मिस्त्री वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. पण नुसतं ‘महाग म्हणजे चांगलं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डिपस्टिक कशी बघायची, फिल्टर कधी बदलायचा, हे तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो.

मार्क-२ चं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे मूळ बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. माझ्या मते आपल्याकडे त्याला साधं मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं, २०डब्ल्यू-५० घाला. पहिला आकडा थंड ऑइलचा, दुसरा गरम ऑइलचा; आकडा मोठा तितकं ऑइल दाट. ‘थंडीत पातळ ऑइल लवकर चढतं’ हा युक्तिवाद बर्फाच्या मुलखात ठीक आहे. २०डब्ल्यूवाल्या ऑइलची पंपिंगची चाचणी उणे २० अंशाला होते, आपल्याकडे पुसात पारा आठ-दहावर आला तरी माणसं शेकोटी पेटवतात. आपला प्रश्न मे महिन्याचा आहे. पंचेचाळीस अंशात, जुन्या बेअरिंगमध्ये, ३० नंबरचं गरम ऑइल टिकत नाही. ऑइल प्रेशरच्या गेजवर बघा: गरम इंजिन, गाडी चालू असताना ५० पौंडांच्या आसपास आणि आयडलला १५ च्या खाली नाही, एवढं मिळालं की नंबर बरोबर बसला.

आता खरं दुखणं. नंबर डब्यावर पुढे मोठ्या अक्षरात असतो, पण जुन्या इंजिनचा जीव मागच्या बारीक अक्षरात आहे. या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थेट सपाट टॅपेटच्या (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग) तळावर घासत फिरतो, मध्ये रोलर नाही. तिथे धातूला वाचवतं ते ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं मिश्रण, झेडडीडीपी. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसनं खराब होतो, म्हणून एपीआय एसएम या दर्जापासून पुढे पातळ ग्रेडांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली. तुमचा ५डब्ल्यू-३० त्यातच येतो. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे त्यात साधारण जास्त सापडतं. कंपनीगणिक फरक असतो, डेटाशीट मागून बघा.

हे मला पुस्तकानं नाही, शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं शिकवलं. नाव घेत नाही. एसी लाउंज, कॉफी, सगळं होतं. माझ्या गाडीचं इंजिन तिथं पूर्ण बांधलं, नवा कॅम, नवे टॅपेट. नव्या कॅमला पहिली वीसेक मिनिटं साधारण दोन हजार आरपीएमवर चालवायचं असतं, कारण आयडलला कॅमवर ऑइल पुरेसं उडत नाही. यांनी गाडी आयडलला लावली आणि चहाला गेले. ऑइल कोणतं घातलं? बिलावर फक्त ‘इंजिन ऑइल’. ग्रेड नाही, कंपनी नाही.

गाडी घरी आली आणि टॅपेट वाजायला लागले. आमच्या गावच्या मिस्त्रीनं फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) लावून सेट केले, थोड्या दिवसांत पुन्हा आवाज. पुन्हा सेट, पुन्हा आवाज. तोच म्हणाला, “भाऊ, गॅप आपोआप वाढून राह्यली, म्हंजे काहीतरी झिजून राह्यलं.” बाजूचं झाकण काढून टॅपेट बाहेर काढला तर तळ, जो आरशासारखा गुळगुळीत हवा, तो मधोमध खरवडलेला, नख अडकेल असा खड्डा. वर्कशॉपला फोन केला. तिकडून थंड आवाजात उत्तर: “सर, आमच्या सिस्टीममध्ये तुमचं मॉडेलच नाही, म्हणून जवळचं मॉडेल सिलेक्ट केलं.” जवळचं म्हणजे आजकालची पेट्रोल हॅचबॅक! त्यामुळे आत गेलं ५डब्ल्यू-३०. वॉरंटी? बिलावर ग्रेडच नाही तर भांडणार कशावर. कॅम, टॅपेट आणि मजुरी, सगळं माझ्या खिशातून. तेव्हापासून ऑइल मी स्वतः विकत नेतो, माझ्यासमोर ओततात, आणि बिलावर ग्रेड लिहिल्याशिवाय पैसे देत नाही. मिस्त्रीला राग येतो, येऊ द्या.

तुमच्या गाडीचं आणखी एक. ती बरीच वर्षं उभी होती, म्हणजे खाली चेंबरमध्ये गाळ बसलेला असणार. दुकानात मिळणारं फ्लश (गाळ सोडवणारं औषध) घालू नका. गाळ एकदम सुटला की ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. चेंबर उतरवा, जाळी रॉकेल-डिझेलनं धुवा, मग ऑइल. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरवर काढून टाका, जीव हळहळला तरी.

आणि ग्रेड बदलायच्या आधी डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढत असेल, तर बहुधा इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही. अशा इंजिनात सोन्याचं ऑइल घातलं तरी पातळच होणार.

गावात २०डब्ल्यू-५० नाही मिळालं तर? ट्रॅक्टरवाल्याकडचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ दर्जाचं डिझेल इंजिनचं ऑइल अडीअडचणीला चालतं, झिंक बरं असतं. काही जण यावर माझ्याशी वाद घालतील, घालोत. पण ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक-ट्रान्समिशनचं ऑइल वेगळं, ते चुकूनही इंजिनात नको. शेजारी-शेजारी ठेवलेले असतात डबे. सुटं ऑइल तर फुकट मिळालं तरी नको.

शेवटी तुम्ही व्हीए नंबरचं, म्हणजे व्हिंटेज गाडीला मिळणाऱ्या नंबरचं, विचारलं होतं. ५० वर्षं झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी मागता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला नाही. तुम्हाला आर्वीच्या बाजाराला, लग्नाकार्याला न्यायची असेल तर साधी नोंदणीच रिन्यू करा.