अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला नौदल कप्तान जॉन पॉल जोन्स याच्या 'रेंजर' जहाजाचं शेवटी काय झालं? लढाईत बुडालं का?

नाही, बुडालं नाही. मे १७८० मध्ये ब्रिटिशांच्या वेढ्यानंतर अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर पडलं, तेव्हा हे जहाजही त्यांच्या हाती लागलं. त्यांनी 'हॅलिफॅक्स' असं नाव ठेवून ते आपल्या आरमारात घेतलं आणि पुढच्या वर्षी विकूनही टाकलं. अमेरिकन नौदलाच्या जहाजकोशात तशी नोंद आहे. वेढ्यात बंदरातच कोंडलं गेल्यावर दुसरं काय होणार! नाहीतर जेमतेम १८ तोफांच्या याच जहाजानं २४ एप्रिल १७७८ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ तासाभरात 'ड्रेक' हे ब्रिटिश लढाऊ जहाज जिंकलं होतं. ड्रेकचा कप्तान त्यात मारला गेला. मात्र चार्ल्सटनची नामुष्की जोन्सच्या माथी मारू नका. १७७८ मध्येच रेंजर थॉमस सिम्पसनकडे गेलं होतं, म्हणजे ज्याला जोन्सनं आज्ञाभंगाबद्दल अटकेत ठेवलं होतं त्याच दुय्यम अधिकाऱ्याकडे.