शिष्याने आपली दुर्बलता मंडळीपुढे उघड करावी का?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ताच्या शिष्याने इतरांसाठी झिजायचे ठरवले असेल तर त्याने स्वतःच्या अडचणी मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, मांडणे हे विश्वासाच्या उणिवेचे लक्षण समजावे का, आणि आपले पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात त्याप्रमाणे ‘देणाऱ्याने रडू नये’ हे कितपत खरे आहे. हा प्रश्न वाचून मी दोन दिवस काहीच लिहिले नाही, कारण हेच वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे करून, माझे थोरले बंधू मला गेली तीस वर्षे ऐकवीत आले आहेत. माझे मत विचाराल तर आपले पाळक चुकत आहेत. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बँकेत कारकुनी केली आणि पुढे मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद, म्हणून बारा वर्षे काम पाहिले, एवढाच माझा अधिकार.

मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी दवाखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेकडे ‘ख्रिस्ती’ आणि ‘सेवा’ हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जातात. याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या देणाऱ्याच्या बाजूला उभे राहिल्यामुळे आमच्यापैकी अनेकांना घ्यायचे कसे हे शिकायलाच मिळाले नाही. माझे वडील त्यांतलेच एक. ते शाळेत शिक्षक होते, आणि दाराशी आलेल्याला त्यांनी कधी रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. मंडळीतल्या एका गृहस्थाला ते कर्जासाठी जामीन राहिले. तो गृहस्थ गाव सोडून गेला आणि हप्ते वडिलांच्या पगारातून कापले जाऊ लागले. त्यांनी हे घरात सांगितले नाही, मंडळीत सांगितले नाही, आणि शेवटी आईच्या पाटल्या विकल्या. आईला त्यांनी विचारले नव्हते. बंधू या प्रकाराला वडिलांचा वधस्तंभ म्हणतात. माझे म्हणणे असे की, पाटल्या आईच्या होत्या, तेव्हा वधस्तंभही आईच्याच खांद्यावर गेला, आणि तोही तिला न विचारता.

हा वाद मी इतका ठासून मांडत असलो, तरी प्रत्यक्षात मीही वडिलांच्याच वळणावर गेलो होतो, हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागाच्या खालच्या अंगाला असलेले आमचे घर पहिल्या दोन दिवसांतच माळ्यापर्यंत बुडाले. आम्ही नवरा-बायको मिरजेला मेहुण्यांकडे गेलो आणि दुसऱ्या दिवसापासून तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी खिचडी रांधायला उभे राहिलो. कुणी विचारले, ‘‘तुमच्याकडे पाणी नाही ना आलं?’’ तर मी ‘‘थोडंफार’’ असे म्हणून विषय बदलत असे. मदतीच्या संचांसाठी घरांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. चादरी, तांदूळ, साबण, बादली असे त्या संचात असे, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आमच्या घरातून वाहून तरी गेली होती किंवा चिखलात गाडली तरी गेली होती. चौथ्या दिवशी रात्री पत्नीने ती वही उघडून पाहिली आणि एवढेच म्हणाली, ‘‘यादी लिहिणाऱ्याचं नाव यादीत नाही.’’ मी तिला सांगितले की आपण संच घेतल्यावर दुसऱ्या कुणाचा तरी वाटा कमी होईल. ते खोटे होते. संच उरत होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघेच घर उघडायला गेलो. दार चिखलाने आतून दाबून धरले होते. फ्रीज पाठीवर उताणा पडलेला, भिंतीवर पंख्याच्या खाली हातभर अंतरावर पाण्याची रेघ, आणि स्वयंपाकघरात जोंधळ्याचे पोते आठ दिवस पाण्यात कुजून फुटलेले. पुराच्या चिखलाचा वास पुढे सवयीचा होतो, त्या जोंधळ्याचा मात्र झाला नाही. तासाभराने आमच्या मंडळीतल्या एक मावशी फावडे, घमेले आणि खराटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून त्या घर चालवीत. त्यांची स्वतःची खोली पुरात गेली होती आणि त्या अजून हॉलमध्येच राहत होत्या. मी त्यांना दारातच अडवले. ‘‘मावशी, आमचं आम्ही बघतो, तुम्ही कशाला त्रास घेता,’’ असे मी म्हणालो, आणि मला वाटले की मी मोठ्या मनाने बोललो.

त्या म्हणाल्या, ‘‘दादा, आठ दिवस तुमच्या हातची खिचडी खाल्ली. मी कधी नको म्हणाले का?’’

एवढे बोलून त्या मला ओलांडून आत गेल्या आणि सर्वांत आधी ते पोते ओढत बाहेर घेऊन आल्या. दुपारी त्यांनी फडक्यातली भाकरी आणि खर्डा काढला, तिघांनी पायरीवर बसून खाल्ले, आणि संध्याकाळी हॉलमध्ये परतल्यावर त्यांनी पाळकांना सर्वांसमोर सांगितले की यांच्या घरात पाण्याची रेघ पंख्याला लागायची राहिली आहे. त्या वेळी मला जी लाज वाटली तशी कर्ज काढतानाही वाटली नव्हती. वहीत माझे नाव मावशींच्या सांगण्यावरून दुसऱ्याच्या अक्षरात लिहिले गेले.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातले, प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुण्याचे प्रकरण आपल्याला पाठ असेल; उपदेशात त्यावरून नेहमी ‘तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा’ एवढेच सांगितले जाते. पण त्या प्रसंगात जो अडतो तो शिष्य पेत्र, आणि तो पाय धुण्यास नाही, धुवून घेण्यास नकार देतो. त्याला मिळालेले उत्तर कडक आहे : मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. दारात उभा राहून मी मावशींना जे म्हणालो ते पेत्राचेच वाक्य होते, आणि ते नम्रतेचे आहे असा माझा समज होता. प्रभूने शोमरोनी स्त्रीशी बोलणे सुरू केले तेच पाणी मागून. गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना आपला जीव खिन्न झाल्याचे स्पष्ट सांगितले आणि जागे राहण्याची विनंती केली. वधस्तंभ वाहताना कुरेनेकर शिमोन या वाटसरूचा खांदा लागला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सततची पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि हे त्याने करिंथच्या मंडळीला लिहून कळवले, लपवून ठेवले नाही. ‘देणाऱ्याने रडू नये’ हा नियम या सगळ्यांना लावला तर शिष्य म्हणायला कुणी शिल्लक राहत नाही.

आत्मत्यागाचे वचन मी नाकारतो आहे असे समजू नये. मार्काच्या आठव्या अध्यायात स्वतःला नाकारण्यास सांगितले आहे ते खरेच आहे. मात्र मला स्वतःतले जे सर्वांत शेवटी सोडवले ते पैसे किंवा झोप नव्हते. ‘हा माणूस कुणापुढे हात पसरत नाही’ ही माझी प्रतिमा होती, आणि ती सोडण्याऐवजी मी आठ दिवस उभ्याने खिचडी वाढणे पसंत केले. त्या घटनेनंतर आमच्या शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत, बारा वर्षांत प्रथमच, एका निवृत्त गृहस्थांनी मुलाच्या धंद्यात बुडालेल्या पैशांविषयी तोंड उघडले. एवढी वर्षे का बोलला नाहीत असे विचारल्यावर ते म्हणाले की, ‘‘तुमच्यासमोर कसं बोलणार?’’ मी त्यांच्या मंडळीचा वडील होतो.

बंधूंना मार्काचाच सातवा अध्याय मी अनेकदा दाखवला आहे, ज्यात आईबापांना मिळायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभूने फटकारले आहे. दुसऱ्याचे अर्पण करणे हा त्याग नव्हे. साताऱ्यात १९१७ च्या सुमारास रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला, त्याचा दाखला बंधू नेहमी देतात. टिळकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्या औदार्याचा भार संसारात कुणी उचलला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि निदान त्यांना लिहिता तरी आले. माझ्या आईने काहीच लिहिले नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आपल्याला घरात मारहाण होत असेल किंवा कुणी सेवेच्या नावाखाली आपल्याला राबवून घेत असेल, तर यातले काहीही सहन करण्याचे कारण म्हणून वापरू नये. तिथून बाहेर पडावे. आणि दुर्बलता उघड करणे म्हणजे रविवारच्या उपासनेत सर्वांपुढे सगळे ओतणे नव्हे. प्रभूनेही बागेत आत नेले ते तिघांनाच. आपण एखादे विश्वासू माणूस निवडा, शक्यतो ज्याला आपण आजवर काहीतरी देत आला आहात असे, आणि त्याच्याकडे लहानशी गोष्ट मागा. घशातून शब्द बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहा.

वडील वाईट नव्हते, हेही नोंदवतो. त्यांच्या अंत्ययात्रेत तीन गावांची माणसे होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कधीतरी पैसे दिले होते. हे उत्तर मी बंधूंनाही पाठवणार आहे. ते पुन्हा म्हणतील की आईने पाटल्या राजीखुशीने दिल्या. तसे असेल तर त्यानंतर तिने लग्नाकार्यांना जाणे का सोडले, हे त्यांनी मला एकदा सांगावे.