कळंबोलीत ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला, बांगलादेश बॉर्डरजवळ गोडाऊनमध्ये पैसे घालू का?
घाला, पण जमीन विकत घेऊन अडकू नका, आधी भाड्याने बघा. पेट्रापोलला २०१६ पासून इंटिग्रेटेड चेक पोस्ट (कस्टम्स, इमिग्रेशन सगळं एकाच आवारात) आहे, सोयी बऱ्या आहेत, पण बॉर्डरचा धंदा एका नोटिफिकेशनवर फिरतो हो. मे २०२५ मध्ये बांगलादेशचे रेडीमेड कपडे लँड पोर्टवरून आणायला बंदी आली, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून परवानगी, म्हणजे तिकडच्या गोडाऊनवाल्याचं काम गेलं आणि माल आपल्या उरणच्या दारात! पाकिस्तान बॉर्डरवरचं अटारी तर त्याआधीच एप्रिलमध्ये बंद झालं. म्हणून पेट्रापोलचा सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) पार्टनर पक्का करा, ट्रक खोळंबला तर डिटेन्शन (खोळंब्याचा आकार) कोण भरणार ते करारात लिहून घ्या. नेपाळसाठी बिहारमधलं रक्सौल पण बघा, तिथे रुपयात व्यवहार चालतो, मला तर तेच जास्त सेफ वाटतं.