नर्सरीतून आणलेला पाच फुटी पिंपळ लगेच बोनसायच्या उथळ कुंडीत लावावा का?

नको, अजून दोन-तीन पावसाळे तो मोठ्या कुंडीत किंवा जमिनीतच राहू द्या, कारण उथळ कुंडीत गेल्यावर खोड जाड होणं जवळजवळ थांबतं. नर्सरीतली रोपं दाटीत वाढतात, म्हणून खोड काठीसारखं सरळ असतं, खाली-वर एकाच जाडीचं. ते निमुळतं करायचं तर शेंडा बिनधास्त उडवावा लागतो. आपल्याकडे पिंपळाची पानं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि लगेच तांबूस कोंब फुटतात. ते कोंब टोकाला नुकते फुगलेले दिसले की खोड एक-दीड फुटावर, एखाद्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो, त्या जागेच्या) जरा वर, तिरकं कापा. पांढरा चीक वाहील, घाबरू नका, ओल्या फडक्यानं पुसा. खाली चार-पाच फुटवे येतील, त्यातला एकच नवा शेंडा म्हणून ठेवा. फोंड्यात माझ्या अंगणातले दोन पिंपळ मी असेच वळवले.

मात्र त्याच वेळी मुळांना हात लावू नका. मुळं पुढच्या वर्षी, जूनचा पाऊस धरला की छाटा. दमट हवेत झाड लवकर सावरतं. मातीत निम्मी तरी जांभ्याची किंवा विटेची बारीक खडी हवीच. इथल्या पावसात नुसती लाल माती कुंडीत चिखल होऊन बसते आणि मुळं कुजतात.