एलिमेंटरीत नापास झालेला हात

प्रश्न : मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, कर्वेनगरला राहते. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. रात्री झोप येत नाही, दिवसा कशात मन लागत नाही. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्यात, थोडा उतार आहे. मुलगी आर्ट थेरपीचा, म्हणजे कलोपचाराचा, आग्रह धरतेय. मी शाळेत एलिमेंटरीला नापास झाले होते, तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही. मला याचा काय उपयोग? आणि गोळ्या सुटतील का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं. त्या आपल्या मनानं बंद करू नका. कमी कधी करायच्या ते डॉक्टर ठरवतील. जगणं नकोसं वाटलं, तर रात्र कितीही झालेली असो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

आता एलिमेंटरीचं. आर्ट थेरपीत चित्र तपासणारं कुणी नसतं. माझ्याकडे एक आजोबा यायचे, त्यांच्या परवानगीनं सांगते. पत्नी गेल्यावर ते घरात बोलेनासे झाले होते. मी शाडूचा गोळा पुढे ठेवला. तीन आठवडे त्यांनी तो नुसता मळला. मीही काही विचारलं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी कपबशी केली. कप एवढासा, बशी मात्र ताटलीएवढी. बराच वेळ तिच्याकडे बघून म्हणाले, ‘‘ती बशीत ओतूनच प्यायची.’’ पत्नीबद्दल ते माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलले होते. त्या दिवशी पाऊण तास ते बोलत राहिले.

काही दुःखांना लगेच शब्द सापडत नाहीत. अशा वेळी हात आधी बोलतात, आणि ते ऐकायला कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. माझ्या मते खरा गुण त्या सोबतीचा आहे. हात सरावलेला नसला तरी चालतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, माती, कोलाज असं हवं ते करू दिलं. चारातल्या सुमारे तिघांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं; आधी कला केलेली असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे आणि तो ताणाबद्दल आहे, नैराश्य बरं होण्याबद्दल नाही. तरी तुमच्या एलिमेंटरीच्या भीतीला एवढं उत्तर पुरे.

जाण्याआधी समोरच्या व्यक्तीनं समुपदेशनाचं आणि कलोपचाराचं शिक्षण कुठे घेतलंय ते स्पष्ट विचारा. रविवारचा चित्रकलेचा क्लास आनंद देईल, पण तो उपचार नव्हे. ‘काळा रंग वापरलात म्हणजे नैराश्य’ असं कुणी सांगू लागलं तर सरळ उठून या. तुमच्या चित्राचा अर्थ तुम्हीच सांगायचा. ते तुम्हाला न विचारता व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये.

तोवर अप्पा बळवंत चौकातून तेलखडूंची पेटी आणि चार मोठे कागद आणा. झोप येत नसेल तेव्हा आवडेल तो खडू घेऊन कागदभर फिरवा. सकाळी तो कागद फाडून टाकलात तरी हरकत नाही.

आणि एक विचारू? नवरा गेल्यावर पुष्कळ बायका दारातली रांगोळी थांबवतात. तुमचीही थांबली असेल, तर उद्या सकाळी चार ठिपके घाला.