'आप्रोबेचा' की 'आप्रोबेचे'?

प्रश्न असा: स्पेनमध्ये कुणी जेवताना दिसलं की 'के आप्रोबेचे!' म्हणतात. क्रियापद आहे 'आप्रोबेचार', उपयोगी पडणं, फायदा होणं. वर्तमानकाळात त्याचं 'आप्रोबेचा' होतं. मग इथे शेवटी 'ए' कसा?

'देव भलं करतो' आणि 'देव भलं करो' ही दोन वाक्यं म्हणून पाहा. पहिल्यात घडतंय ते सांगितलं, दुसऱ्यात घडावं असं मागितलं. 'के आप्रोबेचे' म्हणजे 'खाल्लेलं अंगी लागो'. ह्या रूपांना स्पॅनिशमध्ये 'सुबखुन्तीबो' म्हणतात.

रूप करायची रीत सोपी आहे. वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा आणि उलटा स्वर लावा. 'आर'वाल्या क्रियापदांना 'ए', 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'आ'. आब्लार म्हणजे बोलणं. मी आब्लो, त्यावरून (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते ह्या क्रमाने) आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. कोमेर म्हणजे खाणं, जेवणं. त्याचं कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच, तेवढं लक्षात असू द्या. घोषणांमधला 'विवा' (स्पॅनिश उच्चार 'बीबा') हाही ह्यातलाच: बिबीर म्हणजे जगणं, बीबा म्हणजे 'चिरायू होवो'.

'मी'च्या रूपापासूनच सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगेन, कारण पुढे तेनेर (जवळ असणं) भेटतं. त्याचं 'मी'चं रूप तेन्गो, म्हणून तेन्गा. मूळ क्रियापदावरून गेलात तर हा 'ग' सापडणारच नाही. बुस्कार (शोधणं) मात्र फक्त लिहिताना बदलतं: रोमन अक्षर 'e'पुढे 'c'चा उच्चार 'क' राहत नाही, म्हणून तिथे 'qu' येतं. कानाला ते सरळ 'बुस्के'च.

आता वापर. 'किएरो के कोमास', म्हणजे 'तू जेवावंस अशी माझी इच्छा आहे'. इथे मराठीतही 'जेवतोस' चालत नाही, 'जेवावंस'च लागतं. शंकेचंही तसंच: 'तो बोलतो असं वाटतं' याला 'क्रेओ के आब्ला', पण 'तो बोलत असेल असं वाटत नाही' म्हणताना 'नो क्रेओ के आब्ले'. आणि 'बोलू नकोस'? 'नो आब्लेस'. तेच रूप.